बदल्या, बढत्या आणि शेरे: दोन महायुद्धांमधला राजनैतिक पत्रव्यवहार एचआरच्या नजरेने वाचताना

स्ट्रॅटेजिक एचआरच्या, म्हणजे संस्थेचं धोरण आणि तिचं मनुष्यबळ यांचा मेळ अभ्यासणाऱ्या शाखेच्या, संशोधनात एक प्रश्न पाठ सोडत नाही. धोरण आधी ठरतं आणि त्याला साजेशी माणसं मग नेमली जातात, की माणसं आधी खुर्चीत बसतात आणि धोरण त्यांच्या कलाने वळतं? कंपन्यांच्या आकडेवारीवर हे तपासायला गेलं की गाडी अडते. प्रश्नावली बहुतेक वेळा एचआर मॅनेजरच भरतो, तीही एकदाच. त्यातून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सुटत नाही. १९१९ ते १९३९ या काळातल्या युरोपीय परराष्ट्र खात्यांचे कागद इथे उपयोगी पडतात. कोणाला कुठे नेमलं, त्याने काय कळवलं, ते कोणाच्या टेबलावर गेलं आणि तिथे कोणी काय शेरा मारला, हे सगळं तारखेसकट हाती लागतं. इथे मुख्यतः ब्रिटिश खात्याबद्दल लिहिलं आहे, कारण नवख्याला भाषेची अडचण तिथे सर्वात कमी.

सुरुवात पत्रांपासून करू नका, माणसांपासून करा. ‘फॉरेन ऑफिस लिस्ट’ हे त्या काळी दरवर्षी निघणारं छापील पुस्तक. प्रत्येक अधिकाऱ्याची भरती, हुद्दे, बदल्या आणि तारखा त्यात एका परिच्छेदात मिळतात. त्यावरून आधी नेमणुकांचा तक्ता बनवा: नाव, हुद्दा, ठिकाण, रुजू तारीख, सोडल्याची तारीख, पुढचं ठिकाण. बर्लिनमधल्या ब्रिटिश राजदूतांपुरता तक्ता पाच ओळींत होतो: डॅबरनॉन १९२० ते १९२६, लिंडसे १९२६ ते १९२८, रम्बोल्ड १९२८ ते १९३३, फिप्स १९३३ ते १९३७, हेंडरसन १९३७ ते १९३९. यात डॅबरनॉन हे मुळात अर्थकारणातले, खात्याच्या शिडीवरून वर आलेले नाहीत. त्यांना इतर चौघांच्या रांगेत बसवून ‘सरासरी सेवाकाळ’ काढला तर तो आकडा निरर्थक ठरतो.

शिडी म्हणजे कोणती, हेही आधी ठरवावं लागतं. १९१९मध्ये लंडनमधलं खातं आणि परदेशातली राजनैतिक सेवा एकत्र केली गेली. राजनैतिक सेवेत येणाऱ्या उमेदवाराचं वर्षाला ४०० पौंडांचं घरचं उत्पन्न हवं, ही अटही तेव्हाच गेली. पण कॉन्सुलर सेवा (परदेशातल्या आपल्या नागरिकांची आणि व्यापाराची कामं पाहणारी) १९४३च्या सुधारणांपर्यंत वेगळीच राहिली आणि स्त्रियांना राजनैतिक सेवेचं दार १९४६मध्ये उघडलं. म्हणजे कॉन्सलने कितीही चांगला अहवाल पाठवला तरी त्याच्या बढतीची वाट निराळी. दोन्ही गट एकाच नमुन्यात घातले की ‘चांगल्या कामाचा बढतीशी संबंध नाही’ असा निष्कर्ष आपोआप निघतो, आणि तो चुकीचा असतो.

आता हेंडरसन. पाठ्यपुस्तकी समज असा की चेंबरलेनना जर्मनीशी जुळवून घ्यायचं होतं म्हणून त्यांनी आपल्या मताचा माणूस बर्लिनला धाडला. एचआरच्या भाषेत, धोरणाशी नेमणुकीचा मेळ घातला. तारखा लावून बघा. हेंडरसन यांची निवड १९३७च्या जानेवारीत झाली, तेव्हा पंतप्रधान बाल्डविन होते. चेंबरलेन पंतप्रधान झाले २८ मे १९३७ला, तोपर्यंत हेंडरसन बर्लिनला पोचले होते. निघण्याआधी त्यांची चेंबरलेनशी भेट झाली हे खरं, पण ती निवडीनंतरची. म्हणजे मेळ दिसतो तो नंतर जमलेला. तो कसा जमला हाच खरा संशोधनाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर नेमणुकीच्या आदेशात नाही, पुढच्या दोन वर्षांच्या पत्रांत आहे. शेवट ठाऊक असल्यामुळे आपण नेमणुकीमागचा हेतू मागाहून चिकटवतो. या विषयातली सर्वात जास्त आढळणारी चूक हीच.

दुसरा सापळा सहीचा. १९३८च्या ऑक्टोबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत हेंडरसन आजारपणामुळे इंग्लंडमध्ये होते. बर्लिनचा कारभार ओगिल्व्ही-फोर्ब्स पाहत होते. नोव्हेंबरमधल्या ज्यूंवरील हल्ल्यांचे अहवाल त्यांच्या काळातले आहेत. ‘बर्लिन’ म्हणजे ‘हेंडरसन’ असं धरून शीटमध्ये भरलं तर नेमका महत्त्वाचा बदल पुसला जातो. उलट बाजूही आहे: राजदूताच्या सहीचा मसुदा अनेकदा कौन्सेलरने, म्हणजे वकिलातीतल्या त्याच्या हाताखालच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, लिहिलेला असतो. म्हणून ‘सही करणारा’ आणि ‘मसुदा करणारा’ असे दोन रकाने ठेवा. दुसरा पुष्कळदा रिकामा राहील, राहू द्या.

माणसाचा प्रभाव की खुर्चीचा, हे वेगळं काढायचं तर एकाच माणसाच्या दोन नेमणुका शोधाव्या लागतात. फिप्स हे त्याचं उत्तम उदाहरण. बर्लिनमध्ये असताना नाझी राजवटीबद्दल उपरोधाने आणि संशयाने लिहिणारे हे गृहस्थ पॅरिसला गेले, आणि २४ सप्टेंबर १९३८ला तिथून कळवतात की फ्रान्समधली सगळी भली माणसं जवळपास कुठल्याही किमतीवर युद्धाच्या विरोधात आहेत. माणूस तोच, खुर्ची बदलली, ऊठबस बदलली. असे पंधरा-वीस अधिकारी जमवले तर तुलनेला काही अर्थ येतो. दोन-तीन अधिकाऱ्यांवर आकडेशास्त्र चालवू नये.

आता प्रत्यक्ष कागद. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एफओ (फॉरेन ऑफिस) ३७१ ही मालिका म्हणजे राजकीय पत्रव्यवहाराचं मुख्य भांडार. आस्थापनेचे, म्हणजे पगार, भरती, संख्याबळ यांचे कागद एफओ ३६६मध्ये. एचआरवाला साहजिकच आधी ३६६कडे धावतो. तिथे नियम सापडतात, कारणं क्वचित. एखाद्या माणसाचं वजन किती होतं ते कळतं ३७१च्या शेऱ्यांतून.

कागदाच्या माथ्यावर ‘सी ९५२५/१९४१/१८’ अशा धाटणीचा क्रमांक असतो. सी म्हणजे सेंट्रल डिपार्टमेंट (जर्मनीचं काम पाहणारा विभाग), पहिला आकडा त्या कागदाचा आवक क्रमांक, मधला फाइलचा, शेवटचा देशाचा. १८ म्हणजे जर्मनी. मधला १९४१ पाहून नवखा माणूस तो कागद युद्धकाळातला समजतो. ते साल नव्हे! १९३८च्या चेकोस्लोव्हाक पेचप्रसंगाच्या फाइलचा तो नुसता क्रमांक आहे. एक्सेलमध्ये असा क्रमांक अक्षर वगळून एकाच रकान्यात टाकला तर तिरप्या रेघांमुळे कधी त्याची तारीख बनते. चार रकाने करा आणि चारही ‘टेक्स्ट’ ठेवा.

कागदाला एक आवरण असतं, त्याला जॅकेट म्हणतात. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत नस्ती जशी खालून वर चढते आणि टेबलागणिक टिपणी गोळा करते, तशीच इथेही. कनिष्ठ अधिकारी आधी लिहितो, मग विभागप्रमुख, मग उपसचिवांच्या पातळीवरचे, मग कायम उपसचिव (खात्यातला सर्वोच्च सनदी अधिकारी), आणि फारच महत्त्वाचं असेल तर मंत्री. नावाऐवजी अनेकदा नुसती आद्याक्षरं. आद्याक्षरांची यादी पहिल्याच दिवशी बनवा आणि त्यापुढे हुद्द्याची मुदत लिहा, कारण तेच अक्षर दोन वर्षांनी वेगळ्या खुर्चीतून लिहितं.

या शेऱ्यांतून काय दिसतं ते एका उदाहरणावरून बघा. १ जानेवारी १९३८ला व्हॅनसिटार्ट कायम उपसचिव पदावरून ‘मुख्य राजनैतिक सल्लागार’ झाले आणि कॅडोगन त्यांच्या जागी आले. कागदावर ती बढती. आपल्याकडे ज्याला साइड पोस्टिंग म्हणतात तो हा प्रकार. पण असं म्हणून भागत नाही, मोजून दाखवावं लागतं. त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या सहा-सहा महिन्यांतले सेंट्रल डिपार्टमेंटचे कागद घ्या. किती कागदांवर व्हॅनसिटार्ट यांचा शेरा आहे, तो निर्णय होण्याआधीचा आहे की नंतरचा, आणि त्यावर कारवाई झाली का, हे तीन आकडे काढा. संस्थेचा आराखडा सांगत नाही ते इथे उघडं पडतं.

म्हणूनच छापील खंडांवर अवलंबून राहू नका. ब्रिटिश परराष्ट्र धोरणाच्या छापील दस्तऐवजांच्या तिसऱ्या मालिकेत, म्हणजे नेमक्या १९३८-३९च्या खंडांत, आतले शेरे घेतलेले नाहीत. राजदूत काय म्हणाला ते मिळतं. खात्यात त्याचं काय झालं ते मिळत नाही. अशा खंडांवरून ‘राजदूतांचा प्रभाव’ मोजला तर तो फुगलेलाच येणार. फ्रान्सचं दुखणं वेगळं. १६ मे १९४०ला जर्मन फौजा पॅरिसवर येणार या धास्तीने के दॉर्सेच्या, म्हणजे फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या, आवारात फायलींचे ढीग जाळले गेले. पुढे छापील खंड करणाऱ्यांना वकिलातींकडच्या प्रती आणि इतर कागदांवरून बरंच काही पुन्हा जुळवावं लागलं. त्यामुळे फ्रेंच बाजूला एखाद्या विषयावर पत्र दिसत नाही, म्हणजे ते लिहिलंच गेलं नाही असं नव्हे. आज मुख्य कागद ला कुर्नव्हला आणि वकिलातींचे नांतला आहेत. जर्मन कागद १९४५मध्ये दोस्तांच्या हाती पडले, त्यांची मायक्रोफिल्म झाली, त्यामुळे ते तुलनेने सलग मिळतात.

खासगी पत्रांचा रस्ता निराळा. अधिकृत अहवाल खात्यातले बरेच जण वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. मनातलं तो कायम उपसचिवाला किंवा मंत्र्याला खासगी पत्राने कळवतो, आपल्याकडच्या डी.ओ. लेटरचा (अर्धशासकीय पत्राचा) हा थोरला भाऊ. बदलीची विनंती, सहकाऱ्याबद्दलची कुरबुर, ‘माझा उत्तराधिकारी कोण?’ ही चौकशी, सगळं इथे. असे बरेच कागद एफओ ८०० मालिकेत व्यक्तीच्या नावाने लावलेले आहेत. १९३८पासूनचे परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स आणि हेंडरसन दोघांचेही तिथे आहेत. एचआरच्या अभ्यासाला हा सर्वात रसाळ भाग, आणि सर्वात धोक्याचाही, कारण कोणी कोणती पत्रं जपली हे त्यांनीच ठरवलेलं असतं.

तारांच्या वेळांचा हिशेब करणार असाल तर घड्याळ सांभाळा. हिवाळ्यात बर्लिन लंडनच्या एक तास पुढे, पण ब्रिटिश उन्हाळी वेळ सुरू झाली की दोन्हीकडे एकच वेळ, कारण त्या वर्षांत जर्मनीत उन्हाळी वेळ नव्हती. ॲमस्टरडॅमचं घड्याळ तर ग्रिनिचच्या सुमारे २० मिनिटं पुढे. सप्टेंबर १९३८मध्ये ‘तार किती वेळात पोचली’ काढताना एका तासाची चूक म्हणजे अख्खा निष्कर्ष उलटा.

कोडिंग, म्हणजे प्रत्येक कागद वाचून ठरलेले रकाने भरणं, एकट्याने करू नका. निदान १५ टक्के कागद दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या आणि कोहेनचा कॅपा, म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं याचा आकडा, काढा. ‘शेऱ्यावर कारवाई झाली’ या रकान्यात मतभेद हमखास निघतात, म्हणून तिथे हो-नाही न ठेवता ‘मसुदा बदलला’, ‘तार पाठवली’, ‘नुसतं नोंदवून घेतलं’ असे पर्याय द्या.

पुण्या-मुंबईत बसून बरंच होतं. ब्रिटिश मंत्रिमंडळाचे इतिवृत्तांत (कॅब २३) आणि टिपणं (कॅब २४) विनामूल्य उतरवून घेता येतात. जिनिव्हातला राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्सचा) संग्रह डिजिटल झाला आहे, पानं सुमारे दीड कोटी. अमेरिकी परराष्ट्र दस्तऐवज आणि ‘डोडिस’ हा स्विस राजनैतिक दस्तऐवजांचा संग्रहही खुले आहेत. क्यूची वारी त्यानंतर, तयारीनिशी. रीडर्स तिकिटाला ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे लागतात, पेन चालत नाही, पेन्सिल चालते, आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. जाण्याआधी १९२०पासूनच्या छापील वार्षिक सूचीतून क्रमांक काढून ठेवा. सूचीत नाव आहे पण कागद नाही असं वारंवार होतं, कारण किरकोळ म्हणून पुष्कळ कागद नष्ट केले गेले, आणि कर्मचाऱ्यांचे कागद त्यात सहज जातात. अशा गैरहजर क्रमांकांचीही वेगळी यादी ठेवा. फोटो काढताना आधी जॅकेट, दोन्ही बाजूंनी, मगच आतलं पत्र. घाईत फक्त टाइप केलेलं पत्र टिपून आणणारे पुष्कळ असतात, आणि मग एका कोऱ्या वाटलेल्या पाठीसाठी पुन्हा लंडनचं तिकीट काढावं लागतं.