'एम' की 'वाय': गेस्ट कर्नलपायी गेलेले माझे नऊ दिवस

केव्हीएमवर, म्हणजे लिनक्समधल्या आभासी यंत्रं चालवण्याच्या सोयीवर, स्वतः बांधलेला कर्नल (लिनक्सचा गाभा) बूट करायला मला नऊ दिवस लागले, आणि त्यातले आठ एका अक्षरापायी गेले: कर्नलच्या कॉन्फिगमध्ये पर्यायापुढे 'एम' (वेगळं मॉड्यूल) की 'वाय' (कर्नलमध्येच बांधलेला). मेन्यूकॉन्फिग कसं उघडायचं, क्यूएमू कसं चालवायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

होस्टची, म्हणजे खऱ्या यंत्राची, बाजू आधी उरकून घेऊ, तिथे फारसं अडत नाही. केव्हीएम २००७ मध्ये २.६.२० सोबत मुख्य कर्नलमध्ये आलं. आता बहुतेक डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये ते मॉड्यूल म्हणून तयारच मिळतं. होस्टचा कर्नलही स्वतः बांधत असाल तर केव्हीएम, त्याखाली प्रोसेसरप्रमाणे इंटेल किंवा एएमडीचा पर्याय, आणि नेटवर्कसाठी टन, ब्रिज, व्हीहोस्ट-नेट एवढं लागतं. /डेव्ह/केव्हीएम दिसत नसेल तर कॉन्फिग उसवत बसू नका, आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा.

मी अडकले गेस्टमध्ये, म्हणजे आत चालणाऱ्या आभासी यंत्रात.

पहिल्या नोकरीत एका सीनियरने सांगितलं, "लोकलमॉडकॉन्फिग मार, पटकन बिल्ड होईल." बिल्ड पटकन झालाही. पण ही आज्ञा नेमकं काय करते हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या क्षणी एलएसमॉडमध्ये जे मॉड्यूल लोड झालेले दिसतात तेवढेच ती ठेवते, बाकीचे कापून टाकते. मी ती माझ्या लॅपटॉपवर चालवली. लॅपटॉपला खरी एनव्हीएमई डिस्क आहे. गेस्टला मात्र व्हर्टआयओची, म्हणजे आभासी यंत्रांसाठीच्या खास पद्धतीची, डिस्क दिसते, आणि तिचा ड्रायव्हर माझ्या लॅपटॉपवर लोड असायचं काही कारणच नव्हतं. तो कापला गेला. गेस्ट सुरू केला की शेवटची ओळ एकच: व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०).

मग मी व्हर्टआयओ-ब्लॉक (त्याच डिस्कचा ड्रायव्हर) शोधून 'एम' केलं. पुन्हा तोच पॅनिक, म्हणजे कर्नल बंद पडताना देतो तो संदेश. इथे मी चार दिवस घालवले, म्हणून सावकाश सांगते. 'एम' म्हणजे ड्रायव्हर वेगळी फाइल म्हणून तयार होतो आणि रूट डिस्कवर /लिब/मॉड्यूल्समध्ये जाऊन बसतो. म्हणजे डिस्क वाचायला जो ड्रायव्हर हवा तो त्याच डिस्कवर. डिस्ट्रोच्या कर्नलला 'एम' चालतं, कारण बूटलोडर सोबत इनिटरॅमएफएस, म्हणजे मेमरीत उघडणारी छोटी फाइल सिस्टीम, देतो आणि ड्रायव्हर त्यात असतो. मी क्यूएमूला नुसती बीझेडइमेज, म्हणजे बांधलेल्या कर्नलची फाइल, देत होते. तुम्हीही तसंच करत असाल तर डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइल सिस्टीम, म्हणजे ईएक्सटी४ वगैरे, दोन्ही 'वाय'च हवेत.

हे कळल्यावर मी 'वाय' दाबलं. एक चौकट आली, मी न वाचता एंटर मारला, आणि खूण 'एम'च राहिली. चिडून डॉट-कॉन्फिग, म्हणजे निवडलेले पर्याय साठवणारी फाइल, हाताने बदलली, तर पुढच्या मेकने ती पुन्हा होती तशी केली. त्या चौकटीत कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: हा पर्याय ज्यावर अवलंबून आहे तो मॉड्यूल आहे, म्हणून हाही मॉड्यूलच होणार. व्हर्टआयओ-पीसीआय 'एम' होतं. ते आधी 'वाय' करा, मगच व्हर्टआयओ-ब्लॉक 'वाय' होतं. मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून नाव शोधलंत तर कोण कशावर अवलंबून आहे ते सगळं दिसतं. डॉट-कॉन्फिग हाताने बदलू नका. खरंच नका.

या सगळ्यात घाबरण्यासारखं काही नाही. गेस्ट कितीही वेळा कोसळला तरी होस्टला धक्का लागत नाही, म्हणून तर शिकायला ही उत्तम जागा आहे. आज मी सुरुवात केली असती तर मेक डेफकॉन्फिग आणि त्यावर मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग, एवढंच केलं असतं. दुसरी आज्ञा व्हर्टआयओ आणि सिरीयल कन्सोलचे पर्याय स्वतः 'वाय' करते. हाही शॉर्टकटच, पण तो कर्नलच्या सोर्समध्येच असलेली छोटी फाइल आहे. उघडून पाच मिनिटांत वाचता येते. जो शॉर्टकट वाचता येतो तो मला चालतो. कुणी स्वतःची डॉट-कॉन्फिग तयार पाठवली तर मी घेत नाही, आणि नवख्या मुलांना माझी देतही नाही. त्यांना राग येतो. पण मी शेजारी बसून पॅनिक वाचून दाखवते.

पॅनिक वाचायचा तो असा. आधी कर्नलच्या कमांड लाइनवर कन्सोल=टीटीवायएस० द्या, नाहीतर महत्त्वाच्या ओळी वर सरकून जातात. कंसात (०,०) असेल तर सांगितलेली रूट डिस्क कर्नलला सापडलेली नाही. शून्याऐवजी दुसरे आकडे असतील तर डिस्क बहुधा मिळाली आहे, फाइल सिस्टीमचा पर्याय तपासा. (०,०) असताना वरची पार्टिशनची यादी बघा. रिकामी असेल तर ड्रायव्हर नाही. यादीत व्हीडीए (व्हर्टआयओ डिस्कचं नाव) दिसत असेल तर कॉन्फिगला हात लावू नका: तुम्ही रूट=/डेव्ह/एसडीए लिहिलंय, तिथे व्हीडीए लिहा. माझा नववा दिवस त्यातच गेला.