नवी फॅन्टसी निवडताना आणि तिच्यावर लिहिताना: या चुका टाळा

दादरच्या एखाद्या पुस्तकाच्या दुकानात ‘फॅन्टसीत काही नवीन आलंय का?’ असं विचारलं की बहुधा एकच कपाट दाखवतात. ड्रॅगनवर बसलेली नायिका, कॉफीचं दुकान काढणारी ऑर्क (फॅन्टसीतल्या दणकट, राक्षसी जमातीतली बाई), नरकाच्या पायऱ्या उतरणारा मारेकरी आणि त्रिशूळ घेतलेला शिव, सगळे एका फळीवर दाटीवाटीने उभे असतात. दुकानदाराचा इलाज नाही, त्याच्याकडे जागाच तेवढी आहे. पण वाचणारा, आणि त्याहून जास्त परीक्षण लिहिणारा, या सगळ्यांना एकच माप लावायला लागला की घोळ होतो. फॅन्टसीवरची वाईट परीक्षणं चाळून बघा. पुस्तक काय द्यायला निघालं होतं याचा पत्ता नसतो, त्याने काय दिलं नाही याची मात्र लांबलचक तक्रार असते.

‘काहीच घडत नाही’ असं वाटलं तर आधी उपप्रकार तपासा

ट्रॅव्हिस बाल्ड्री यांची ‘लेजेंड्स अँड लाटेज’ ही २०२२ची कादंबरी घ्या. तलवार खाली ठेवून कॉफीचं दुकान काढणाऱ्या एका ऑर्कची ही गोष्ट. तिला ‘कोझी फॅन्टसी’ म्हणतात, म्हणजे जग वाचवायचं नाही, दुकान चालवायचं. महायुद्धाची वाट बघत ती वाचणारा चिडणारच. रिबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’सारखी (२०२३) रोमँटसी, म्हणजे प्रेमकथेवर उभी राहिलेली फॅन्टसी, उघडून ‘प्रेमप्रकरणच फार’ म्हणण्यात तरी काय अर्थ? तिचा कणाच तो आहे. ते प्रेम रंगलं की नाही, हे विचारा. ग्रिमडार्कमध्ये, म्हणजे काळ्याकुट्ट, निर्दय जगाच्या फॅन्टसीत, धुतल्या तांदळाचं कुणीच नसतं. मॅट डिनिमन यांच्या ‘डन्जन क्रॉलर कार्ल’सारख्या लिटआरपीजीत व्हिडिओ गेमसारख्या लेव्हल वाढत जातात आणि आकडे पानोपानी दिसतात. चायना मिएव्हिल यांच्या ‘पर्डिडो स्ट्रीट स्टेशन’मध्ये (२०००) शहराची घाण आणि गिचमीड मुद्दाम आणलेली आहे, लेखकाच्या हातून निसटलेली नाही. विरार फास्टमध्ये चढून ती माटुंगा रोडला थांबली नाही म्हणून आपण गार्डशी भांडत नाही. इंडिकेटर आपणच बघायचा असतो.

इथला इंडिकेटर मात्र जरा फसवा. मुखपृष्ठावर भिस्त ठेवू नका, कारण एक पुस्तक गाजलं की पुढची दोन वर्षं सगळी मुखपृष्ठं त्याच्यासारखीच दिसायला लागतात. मागच्या ‘अमुक आणि तमुक आवडलेल्यांसाठी’ या ओळीवर तर मुळीच नको. ती विक्री विभागाने लिहिलेली असते. त्यापेक्षा ई-पुस्तकाचा फुकट मिळणारा नमुना वाचा आणि मग पाचपैकी तीन तारे देणाऱ्या वाचकांची मतं बघा. पाच तारेवाला प्रेमात असतो, एक तारेवाला रागात. तीन तारेवाला पुस्तक नेमकं कसं आहे ते सांगतो.

प्रत्येक पौराणिक फॅन्टसीला ‘मृत्युंजय’शेजारी बसवणं

ही खास आपली चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

मराठी वाचकाच्या डोक्यात पुराणावरची कादंबरी म्हणजे खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) किंवा शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७). पात्रं आपल्या मनातलं स्वतःच्या तोंडाने सांगतात, भाषा भरजरी, दुःख केंद्रस्थानी. त्यात इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ वाचलेलं असलं, तर महाभारतातल्या माणसांकडे चिकित्सक नजरेने बघायची सवयही लागलेली असते. एवढी शिदोरी घेऊन आपण अमीश त्रिपाठींचं ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलूहा’ (२०१०) उघडतो आणि पन्नास पानांत ‘भाषा उथळ आहे’ असा शेरा मारून मिटतो.

शेरा खोटा आहे असं नाही. संवाद आजच्या बोलण्यातले आहेत, शिव तिबेटातून आलेला एका टोळीचा म्होरक्या आहे आणि गोष्ट धावत सुटते. पण ती साहसकथा आहे. देव हे एके काळी हाडामांसाची माणसं होते, असं धरून रचलेला तो पर्यायी इतिहास आहे. तिला विचारायचे प्रश्न वेगळे. सोमरस नावाचं आयुष्य वाढवणारं पेय लेखकाने त्या समाजाच्या मुळाशी ठेवलं, तर त्याचे परिणाम त्या समाजात शेवटपर्यंत दिसतात का? मेलूहाची शिस्त फक्त वर्णनात आहे, की तिच्यामुळे कुणाचं काही अडतंसुद्धा? या प्रश्नांवर पुस्तक नापास करायचं असेल तर खुशाल करा, ती टीका कामाची ठरेल. गौरव मोहंती यांच्या ‘सन्स ऑफ डार्कनेस’चंही तेच. महाभारताला ग्रिमडार्कच्या भट्टीत घातलेलं ते पुस्तक आहे. त्यात सावंतांचा कर्ण शोधणाऱ्याला तो भेटणार नाही, कारण बोलावणं त्याला नव्हतंच.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच दिसते. पुस्तक ‘आपल्या’ पुराणावर आहे एवढ्यावर चार तारे देऊन टाकायचे आणि परीक्षणात संस्कृतीच्या अभिमानाचं भाषण ठोकायचं. तिसरा प्रकार ‘मूळ महाभारतात असं नाही’वाल्यांचा. कुठल्या मुळात? पुण्याच्या भांडारकर संस्थेला चिकित्सक आवृत्तीसाठी ठिकठिकाणची हस्तलिखितं ताडून बघण्यात १९१९ ते १९६६ एवढा काळ गेला, तो हौस म्हणून नव्हे. आपल्या मुक्तेश्वरानेही महाभारत मराठीत आणताना पदरची भर घातलीच होती. लेखकाने बदल केला, हा आक्षेप होऊ शकत नाही. बदल करून त्याने मिळवलं काय, हे विचारा.

मालिकेचा भलताच भाग घरी येणं

फोर्टच्या किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं उपसताना हे होतंच. ‘भाग दोन’ हे शब्द कण्यावर इतके बारीक छापलेले असतात, की ते घरी चष्मा लावल्यावर दिसतात. पण आकडा वाचूनही फसगत होऊ शकते. जॉर्ज मार्टिन यांचं ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’ (२०००) ब्रिटिश पेपरबॅकमध्ये दोन खंडांत आहे, ‘स्टील अँड स्नो’ आणि ‘ब्लड अँड गोल्ड’. आपल्याकडे ब्रिटिश आवृत्त्या बऱ्याच येतात, त्यामुळे अर्धंच पुस्तक वाचून ‘शेवट अचानक होतो’ असं लिहिणारे भेटतात. फिलिप पुलमन यांचं ‘नॉर्दर्न लाइट्स’ अमेरिकेत ‘द गोल्डन कंपास’ या नावाने निघालं. दोन्ही विकत घेऊ नका. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेच्या नव्या संचांवर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक असतो, पण ते १९५५चं. मालिका सुरू झाली १९५०मध्ये, सिंहाच्या पुस्तकाने, म्हणजे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ने. माझं मत विचाराल तर सिंहापासूनच सुरुवात करा. कपाटातून बर्फात पाऊल पडतं तेव्हाचं नवल, आधी खुलासा वाचून आलेल्याला मिळत नाही.

क्रमाबद्दल शंका आली की इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेसवर लेखकाचं नाव टाका. आवृत्त्या, पर्यायी नावं, मालिकेतला क्रम, सगळं तिथे सापडतं.

मालिका पूर्ण झाली आहे का, हेही आधी बघावं. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा भाग २०११चा, पॅट्रिक रॉथफस यांचा दुसराही २०११चा, आणि पुढच्या भागांची वाट बघणारे अजून बघतायत. उलट ‘व्हील ऑफ टाइम’चे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७मध्ये वारले तरी ब्रॅण्डन सँडरसन यांनी ती २०१३मध्ये चौदाव्या खंडाने पूर्ण केली. अर्धवट मालिका वाचू नये असं मुळीच नाही, पण परीक्षणात ते स्पष्ट लिहा. साडेसातशे रुपये मोजणाऱ्याला ते कळायला हवं.

सिग्नलवर मिळणाऱ्या चोरट्या छपाईच्या प्रती फॅन्टसीसाठी तर घेऊच नका. नकाशा काळा डाग होऊन येतो, परिशिष्ट गळतं, आणि मधला एक फॉर्मा (एकत्र छापलेल्या पानांची जुडी) दोनदा आला असेल तर लेखकाने वेळेशी काही प्रयोग केलाय असं वाटत राहतं.

पहिल्या पन्नास पानांत नावंच लक्षात राहत नाहीत

लक्षात ठेवू नका. चांगला लेखक महत्त्वाचं नाव पुन्हा आणतोच. सुरुवातीला नकाशा किंवा पात्रांची यादी असेल तर तिच्यात एक बोट अडकवून वाचा. चाहत्यांनी चालवलेल्या विकीवर मात्र शोधू नका. तिथे पात्राच्या नावाखाली पहिल्याच ओळीत ते कधी मरतं तेही दिलेलं असतं. आणि आठशे पानांचा एपिक लोकलमध्ये उभ्याने, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत वाचून तो ‘विस्कळीत’ आहे असं लिहिण्याआधी एक रविवार त्याला द्या.

जादूला नियम हवेतच, हा हट्ट

सँडरसन यांनी २००७च्या एका लेखात मांडलेला मुद्दा बऱ्याच जणांनी अर्धाच उचलला आहे. ते म्हणतात, जादूने अडचण सोडवायची असेल, तर ती जादू वाचकाला जितकी कळलेली असेल तितकं ते सोडवणं पटतं. त्यांच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) कुठला धातू गिळला की कुठली ताकद येते याचा हिशोब चोख आहे, आणि सुटका त्याच हिशोबातून होते. पण जादू अडचण सोडवण्यासाठी नसून जगाला खोली यावी, भीती किंवा नवल वाटावं म्हणून असेल, तर नियमांचा तक्ता मागण्याचं कारण नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला जादूगार गॅन्डाल्फ नेमकं काय काय करू शकतो हे टोल्कीन सांगत बसत नाहीत, आणि सगळी संकटं त्याच्याकडून सोडवूनही घेत नाहीत. आक्षेप घ्यायचा तर तो नियम नसताना शेवटच्या प्रकरणात जादूने सगळं निस्तरणाऱ्यांवर घ्या.

परीक्षणाच्या नावाखाली गोष्टच सांगून टाकणं

सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ (२०२०) ही यासाठी चांगली परीक्षा आहे. न संपणाऱ्या दालनांचं घर, पुतळे, खालच्या मजल्यांवर येणारी समुद्राची भरती आणि हे सगळं रोजनिशीत टिपणारा एक भाबडा माणूस. इथे थांबायचं. यापुढे लिहाल ते वाचकाच्या खिशातून काढून घेतलेलं असेल. कथानक न सांगताही लिहिण्यासारखं पुष्कळ असतं: निवेदकाच्या भाबडेपणामुळे आपल्याला त्याच्या आधी संशय येऊ लागतो तो कसा, रोजनिशीच्या तारखा विचित्र का वाटतात, पुस्तक लहान असून सावकाश का वाचावं लागतं. साधारण पहिल्या पाव भागातलं सांगायला हरकत नाही. पुढचं सांगणं भागच असेल तर आधी ठळक इशारा द्या.

प्रकाशनाआधीची प्रत मिळाली असेल, तर तिच्यातलं वाक्य अवतरणात देऊ नका. तो कच्चा मजकूर असतो, छापील पुस्तकात ते वाक्य बदललेलं किंवा उडालेलं असू शकतं. आणि प्रत फुकट मिळाली हे लिहा, त्यात कमीपणा नाही.

भाषांतरावर लिहिताना भाषांतरकाराचं नाव गाळणं ही तर सर्रास दिसणारी गोष्ट. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणलं. अशा पुस्तकावर लिहिताना टोल्कीनची थोरवी पुन्हा गाऊ नका, ती गाऊन झाली आहे. गाणी मराठीत गाता येतात का, एल्फांचं आणि हॉबिटांचं बोलणं वेगळं ऐकू येतं का, ते लिहा.

फक्त जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांतच नवं शोधणं

विज्ञानकथा-फॅन्टसीला वाहिलेल्या ‘लोकस’ मासिकाची दर फेब्रुवारीतली शिफारस यादी आणि वर्ल्ड फॅन्टसी पुरस्काराची नामांकनं बघावीतच. महागड्या कादंबरीआधी त्या लेखकाची एखादी कथा ‘बिनीथ सीसलेस स्काइज’ किंवा ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या ऑनलाइन मासिकांवर फुकट वाचता आली, तर पैसेही वाचतात. मुंबईच हवी असेल तर तशन मेहता यांचं ‘द लायर्स वीव्ह’ (२०१७) शोधा. जुन्या मुंबईतला एक पारशी मुलगा, जन्मतःच भविष्य नसलेला, आणि तो खोटं बोलला की ते खरं होतं.

मराठीतलं नवं अद्भुत मात्र या याद्यांत येत नाही. ते दिवाळी अंकांत विखुरलेलं असतं. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ गूढ, भय, विज्ञान आणि अद्भुत यांची सरमिसळ करून छापतात, त्यामुळे अनुक्रमणिका बघून कळत नाही, कथा वाचायलाच लागते. दिवाळी सरली की हे अंक वाचनालयांत आणि रद्दीत सापडतात. त्यांतल्या सुट्या कथांवर फारसं कुणी लिहीत नाही. एखादी आवडली तर दोनशे शब्द लिहून टाका. त्या कथेवरचं कदाचित तेवढंच लेखन असेल, म्हणून लेखकाचं नाव, अंक आणि वर्ष मात्र नीट द्या.