जंगलात कार्बन वाढतोय का घटतोय, घरचा टेप घेऊन कसं बघायचं

सह्याद्रीतल्या एखाद्या जंगलाच्या तुकड्यावर लक्ष ठेवायचंय तर मशीन वगैरे काही नको, शिंप्याचा टेप, रंग, वही बास, फक्त वनखात्याची परवानगी आधी घ्या. झाडाच्या बुंध्याच्या घेरावरून त्यात किती कार्बन साठलाय याचा अंदाज येतो. हा घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजायचा, उतार असेल तर वरच्या बाजूला उभं राहून, आणि बुंध्याला फळ्यांसारखी रुंद मुळं असतील तर ती संपतात त्याच्या अर्धा मीटर वर, नाहीतर आकडा उगाच फुगतो. वेल असेल तर टेप तिच्याखालून सरकवा. तिथंच रंगाची रेघ मारा, कारण पुढच्या वेळी टेप जरा खालीवर झाला की झाड वाढलं असं वाटतं आणि वाढलेलं काहीच नसतं!

घेर भागिले 3.14 म्हणजे व्यास. व्यास 40 सेंमी, उंची 20 मीटर, लाकडाची घनता 0.6 (ग्रॅम दर घनसेंमी) धरली तर शाव या संशोधकाच्या आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या, उष्णकटिबंधातल्या झाडांसाठीच्या सूत्रानं जमिनीवरचं सुकं वजन साधारण 1 टन येतं, त्यात 47 टक्के कार्बन.

मेलेली झाडं वहीतून गाळू नका, खरी गोष्ट तिथंच असते. 2020 मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत आलेल्या उष्णकटिबंधातल्या जंगलांच्या अभ्यासात, सगळ्यात गरम महिन्यातलं दिवसाचं कमाल तापमान 32.2 अंशांपुढं गेलं की कार्बनचा साठा जोरात घटतो असं दिसलं, उष्णतेनं वाढ मंदावते आणि कोरड्यानं झाडं लवकर मरतात. म्हणून तापमान, पाऊसही वहीत लिहा, आणि एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवू नका.