शनिवार-रविवारचा गडगडाटी पाऊस आणि शेतात पसरलेला भात

ठाणे, पालघर आणि रायगड या मुंबईलगतच्या जिल्ह्यांत हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा, भात कापणीस आला की दरवर्षी एकच नुकसान पाहावे लागते. मुंबईत नोकरीला असलेली घरची माणसे सुट्टीला येणार म्हणून कापणी शनिवारी धरली जाते, कडपे, म्हणजे कापलेल्या भाताच्या मुठी, वाळण्यासाठी शेतातच पसरले जातात, आणि त्याच संध्याकाळी घाटाकडून आलेला अर्ध्या तासाचा पाऊस वर्षभराचे धान्य चिखलात बसवतो. अंदाज आधीच दिलेला असतो आणि तो वाचलेलाही असतो. परंतु त्यात ‘तुरळक ठिकाणी’ असे शब्द असल्यामुळे तो कोणी मनावर घेत नाही.

तुरळक हा शब्द पावसाच्या प्रमाणाविषयी नाही. हवामान विभागाच्या परिभाषेत त्याचा अर्थ एवढाच की त्या क्षेत्रातील फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल. ज्या शिवारावर तो येईल तेथे तो जोरदारही असू शकतो. शक्यतेचा आकडा ही याहून वेगळी गोष्ट आहे: 30 टक्के शक्यता म्हणजे अशा दहा शनिवारांपैकी तीन शनिवारी आपल्या गावात पाऊस, आणि उघड्यावर कापलेला भात असलेल्या माणसासाठी तीन शनिवार फार झाले.

मान्सून मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. या सुमारास वरच्या थरांतील वारे पूर्वेकडून वाहू लागतात, समुद्रावरून दमट हवा आत येत राहते, दुपारी जमीन तापते, आणि सह्याद्रीवर वाढलेले ढग संध्याकाळी मुरबाड, बदलापूर, कर्जतवरून मुंबईच्या दिशेने सरकतात. अशी स्थिती जुळणार का, हे चार-पाच दिवस आधी बरेचसे कळते. ढग नेमका कोणत्या गावावर फुटेल हे मात्र कळत नाही, कारण असा एक ढग काही किलोमीटरचाच असतो आणि त्याचे आयुष्य बहुधा तासाभराचे असते. म्हणूनच हवामान विभाग सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित अनेकदा करून पाहतो. त्याच्या एका समूह-प्रारूपात अशी 21 गणिते असतात. त्यांपैकी 7 गणितांत आपल्या भागावर पाऊस दिसला, तर ढोबळमानाने शक्यता एक-तृतीयांश धरावी.

एवढ्या शक्यतेवर खर्च करावा का, हे प्रत्येकाने आपल्या शेताच्या हिशेबाने ठरवावे. समजा, कडपे उचलून भारे बांधणे, त्यांची उडवी (रास) रचणे आणि ताडपत्री टाकणे यास 1,000 रुपये मजुरी लागते आणि भिजल्यास 8,000 रुपयांचे धान्य जाते. मग शक्यता साडेबारा टक्क्यांच्या वर गेली की झाकणेच स्वस्त पडते. पाऊस आला नाही म्हणून ती मजुरी वाया गेली, असे कृपया मानू नये.

कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होतो. मंगळवारच्या सल्ल्यावरून मजुरांची आणि ताडपत्रीची तजवीज करावी, पण कापणीचा निर्णय शुक्रवारचा सल्ला पाहूनच घ्यावा, कारण मधल्या तीन दिवसांत शक्यता बऱ्याचदा बदललेली असते. शनिवारी दुपारपासून तीन तासांचा तात्काळ इशारा आणि कुलाबा व वेरावली येथील रडारची चित्रे पाहत राहावे. माझा स्वतःचा एक ठोकताळा आहे, त्याला शास्त्राचा आधार म्हणून मी सांगत नाही: सकाळी माथेरानचा डोंगर अगदी जवळ आल्यासारखा स्वच्छ दिसला आणि बाराच्या आत त्यावर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग चढू लागले, तर त्या दिवशी मी विळा हातात घेऊ देत नाही. ‘पडतील चित्रा, तर भात न खाई कुत्रा’ ही चित्रा नक्षत्रातील पावसाची म्हण याच दिवसांची आहे.

नेहमीची कामे:
- कापणीपूर्वी 8 ते 10 दिवस खाचरातील पाणी काढणे.
- सुमारे 90 टक्के दाणे पक्व होताच दातेरी वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी.
- शक्य तेथे त्याच दिवशी झोडणी.
- साठवणीपूर्वी दाण्यातील ओलावा 12 टक्क्यांपर्यंत आणणे.
- जमिनीत ओल असतानाच वालाची पेरणी.

भात भिजलाच, तर दुकानात सांगितली जाणारी महागडी टॉनिके आणि बुरशीनाशके घेऊ नयेत. कापलेल्या पिकाला टॉनिकाचा काहीही उपयोग नाही. आधी पाण्यातून कडपे उचलून बांधावर उलटसुलट पसरावेत. ऊन मिळणार नसेल, तर लोंब्यांवर मिठाचे 5 टक्के द्रावण, म्हणजे 10 लिटर पाण्यात 500 ग्रॅम साधे मीठ, फवारावे. दाणे रुजू नयेत म्हणून आंध्र प्रदेशात अशा भातासाठी ही शिफारस केली जाते. ओल्या भाऱ्यांची उडवी मात्र कधीही रचू नये, ती आतून तापते आणि दाणा काळा पडतो.

झाकण्याची घाई विजांच्या आधी करावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे दामिनी ॲप 20 ते 40 किलोमीटर परिसरातील विजांचा इशारा देते. वीज दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे; त्या क्षणी भात जसा असेल तसा सोडून, झाडाखाली न थांबता, सर्वांनी पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.