मेंढरं धरायला आणि त्यांचे पाय राखायला शिकताना

मेंढीपालनात नव्यानं उतरणारी मुलं भेटली की त्यांचे प्रश्न बहुतेक खाद्याचे आणि भावाचे असतात. दाणा किती घालायचा, आटपाडीच्या बाजारात माडग्याळ कोकराला काय मिळतं, दख्खनी जातीची घ्यावी की माडग्याळ जातीची. पायांचं कुणी विचारत नाही. पण चरून पोट भरणारं हे जनावर आहे. पाय दुखायला लागले की मेंढी मागं पडते, पुढच्यांनी तुडवलेला चारा तिच्या वाट्याला येतो आणि पंधरवड्यात पाठीचा कणा हाताला लागतो. गाभण असली तर कोकरू किरकोळ जन्मतं, दूधही कमी पडतं. नर मागच्या पायानं लंगडत असेल तर तो मेंढीवर चढतच नाही आणि तुमचा अख्खा हंगाम वाया जातो.

मी पशुधन पर्यवेक्षकाची पदविका केली आणि नंतर माण-फलटण पट्ट्यात मेंढ्यांच्याच कामात राहिलो. वर्गात रोगांची नावं कळली. मेंढरू धरायचं कसं आणि पाय बघायचा कसा, हे मात्र एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या हाताखाली शिकलो. ते म्हणायचे, "पोरा, मेंढराला पळवायचं न्हाई, त्याला वाट दावायची." पुढं लिहितो आहे त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

आधी धरण्याबद्दल, कारण पाय बघायचा तर जनावर हातात यायला हवं. मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या बरोबर मागचा भाग दिसत नाही. म्हणून थेट मागून चालत गेलात तर ती दचकते आणि उधळते. थोडं तिरकं, तिच्या नजरेत राहून जा. तिच्या खांद्याच्या मागं उभे राहिलात तर ती पुढं सरकते, खांद्याच्या पुढं गेलात तर थांबते किंवा मागं फिरते. एवढं एक कळलं की अर्धी धावपळ संपते. एक मेंढी पुढं गेली की बाकीच्या तिच्या मागं जातात, पण अंधाऱ्या दारात शिरायला त्या बिचकतात. उजेडाकडं चटकन जातात. आरडाओरडा आणि काठीचे तडाखे यांनी काम लांबतंच. मेंढ्यांना माणसांचे चेहरे चांगले लक्षात राहतात, त्यामुळं मारणाऱ्या माणसाजवळ त्या पुढच्या वेळीही येत नाहीत.

मोकळ्या रानात एकेकीच्या मागं धावू नका. वाघरीच्या, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या, जाळ्यानं किंवा दोन फळ्यांनी कोपरा करा, सगळ्यांना दाटीनं आत घ्या आणि मग हवी ती धरा. एक हात जबड्याखाली घालून तोंड किंचित वर करायचं, दुसरा हात मागं पुठ्ठ्यावर. तोंड वर असलं की तिला जोर लावता येत नाही. लोकर मुठीत धरून ओढायची नाही. त्यानं कातड्याखाली रक्त साकळतं, जनावराला वेदना होतात आणि कापल्यावर मांसावर काळे डाग दिसतात. एका पायाला धरून खेचायचं नाही, सांधा निखळतो.

पाय बघण्यासाठी मेंढीला बसवण्याची एक रीत आहे. तिच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, तिचं तोंड तिच्याच उजव्या खांद्याकडं वळवायचं, दुसऱ्या हातानं मागची उजवी बाजू आपल्याकडं घेत खाली दाबायची. ती आपोआप बसते. मग पुढचे पाय उचलून तिला ढुंगणावर टेकवायचं, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकलेली. नेमकी शेपटीच्या हाडावर बसवू नका, किंचित एका कुशीवर ठेवा, म्हणजे ती हातपाय झाडत नाही. हे ताकदीचं काम नाही. आमच्याकडच्या बायका हे सहज करतात. पण विण्याच्या जवळ आलेली मेंढी अशी कधीही बसवू नये, नुकतंच पोटभर खाल्लेलीही नाही. त्यांचे पाय उभ्यानंच, घोड्याचा उचलतात तसे, एकेक करून बघायचे.

आता पाय. धरायच्या आधी लांबून चाल बघा. सकाळी मेंढ्या वाघरीतून बाहेर पडतात तेव्हा बाजूला उभे राहा. दुखरा पाय टेकताना मान खालीवर होते. चरताना गुडघे टेकून बसलेली मेंढी तर हमखास पुढच्या पायांनी आजारी असते. जी लंगडते ती त्याच दिवशी बघायची. माझं या बाबतीत ठाम मत आहे: "आठवड्यानं सगळ्यांचेच पाय बघू" म्हणणाऱ्याच्या कळपात आठवड्यानं बघायला बरेच पाय असतात.

पाय हातात घेतला की आधी बोटांनी दाबून बघा. नखी गरम लागते का, कुठं दाबल्यावर मेंढी पाय ओढते? मग दोन नख्यांमधलं बेचकं उघडा. काटा आहे का? आमच्या रानात बाभळीचा, वेड्या बाभळीचा आणि बोरीचा काटा नेहमीचा, तळव्यात सराटे रुततात. काळ्या रानातून कळप आला असेल तर बेचक्यात चिखलाचे गोळे वाळून दगडासारखे होतात आणि कातडं चिरतात. ते पाण्यानं भिजवून सोडवायचे. आणि शेवटी नाकानं बघा. खरंच वास घ्या, त्यानं बरंच कळतं.

पुढच्या बाजूला बेचक्याच्या वर एक बारीक भोक दिसेल, त्यातून केस आणि मेणासारखं काही बाहेर आलेलं असतं. ते गळू नव्हे. मेंढीच्या पायातली ती नैसर्गिक ग्रंथी आहे, चारही पायांना असते. नवी मुलं ती दाबून पिळतात आणि धडधाकट पायाला जखम करतात. सुजली नसेल तर तिला हात लावू नका.

बेचक्यातलं कातडं लाल, ओलसर, त्यावर पांढरट साय धरल्यासारखं, पण नखी घट्ट आणि वास नाही, तर ही पाय बिघडण्याची सुरुवात आहे. ओल्या गवतात आणि चिखलात फिरल्यानं हे होतं, कोकरांना जास्त. पाय कोरडा करून डॉक्टरांनी दिलेला फवारा मारला आणि कोरड्या जागी ठेवलं तर बहुतेक वेळा लवकर बरं होतं. पण नखी आतल्या बाजूनं सुटायला लागली आहे, खाली करडा लगदा आहे आणि कुजका, डोक्यात जाणारा वास येतो, तर ती खूरकुज. तिला कारण दोन जिवाणू. फ्युजोबॅक्टेरियम शेणामातीत नेहमीच असतो, ओलीनं मऊ पडलेलं कातडं तो आधी बिघडवतो. मग डायकेलोबॅक्टर नोडोसस आत शिरतो आणि नखीला मांसापासून सोडवत जातो. हा दुसरा मुख्यतः आजारी पायातच टिकतो. मोकळ्या जमिनीवर तो साधारण दोन आठवड्यांपलीकडं तग धरत नाही. म्हणूनच खूरकुज बहुतेकदा विकत आणलेल्या मेंढीच्या पायातून येते, आणि म्हणूनच ती कळपातून घालवताही येते.

खूरकुज दिसली की जुनी रीत म्हणजे चाकू घेऊन सुटलेली सगळी नखी कापायची, रक्त येईपर्यंत. ती सोडून द्या. आजारी पाय असा कोरला की बरा व्हायला जास्त दिवस लागतात, आणि खोल कापल्यावर तळव्यातून लाल मांसाचा गोळा वर येतो, त्यानं मेंढी कायमची लंगडी होऊ शकते. इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या कळपांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं की लगेच दिलेलं प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि पायावरचा फवारा, एवढ्यानं न कापता पाय लवकर बरे होतात. इंजेक्शन पशुवैद्यकांकडूनच घ्या. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मेंढीचं वजन अंदाजानं सांगू नका, करून सांगा. आणि औषधानंतर किती दिवस ती कापायला विकायची नाही हेही त्यांना विचारून वहीत लिहा. डॉक्टर जवळ नसतील तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी फोन करता येतो.

मग नखी कापायचीच नाही का? रोज काही कोस चालणाऱ्या कळपाची नखी मुरमावर, खडकावर आपोआप झिजते, तिला कात्री लागत नाही. बंदिस्त गोठ्यातल्या मेंढ्यांची मात्र वाढते, कडा तळव्याखाली दुमडतात आणि त्यात शेण-माती अडकते. अशा निरोगी पायाचीच, तेही फक्त दुमडलेला भाग, पातळ पातळ कापत टाच ते टोक असं यायचं. आतला भाग गुलाबी दिसायला लागला की थांबायचं. उन्हाळ्यात नखी कडक होते, पाऊस पडून गेल्यावर ती मऊ आणि कापायला सोपी असते. दर मेंढीनंतर कात्री जंतुनाशकात बुडवा. कापलेले तुकडे गोळा करून जाळा, कारण त्या तुकड्यांत जंतू मातीपेक्षा जास्त दिवस जगतो.

पाय बुडवायच्या हौदाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात चुकीचा सल्ला फार मिळतो. झिंक सल्फेट घ्या, कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं तेच. दहा टक्क्यांचं द्रावण, म्हणजे 10 लिटर द्रावणात 1 किलो. खोली खूर पूर्ण बुडेल इतकी. आधी मेंढ्यांना भरपूर पाणी पाजा, म्हणजे त्या हौदातलं पिणार नाहीत. पाय चिखलानं भरलेले असतील तर पहिल्यांदा साध्या पाण्यातून काढा, नाहीतर द्रावण चिखलातच संपतं. पळत पार करून उपयोग नाही, आत काही मिनिटं उभं करावं लागतं. बाहेर आल्यावर किमान अर्धा तास कोरड्या, कडक जागेवर थांबवायचं. फॉर्मेलिनही चालतं, पण तीन टक्केच. पाचच्या वर गेलात तर कातडं भाजतं, आणि त्याची वाफ माणसाच्या डोळ्यांना व छातीला त्रास देते, म्हणून ते उघड्यावरच वापरा.

मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, मात्र मी मेंढ्यांसाठी सुचवत नाही. गावोगाव ते वापरतात, पायाला त्याचा गुणही येतो. पण मेंढीला तांबं सोसत नाही. ते तिच्या यकृतात साठत जातं आणि एके दिवशी लघवी लाल-तपकिरी होते, डोळे पिवळे पडतात आणि ती जाते. हौदातलं चार घोट प्यायली तरी धोका आहे. याच कारणानं गाईम्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका, मेंढ्यांसाठीचं वेगळं मागा.

औषधाइतकीच जागा महत्त्वाची. आपली दख्खनी मेंढी कोरड्या रानाची आहे. फलटण, बारामती, माणकडचे धनगर दिवाळीनंतर वाडे, म्हणजे कुटुंब-कळपांचे तांडे, घेऊन घाट उतरतात, कोकणात भात निघालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या आत पुन्हा वर येतात. यात चारा आहे, खताच्या बदल्यात मिळणारं धान्य आहे, आणि ओल्या मुलखात पाऊसकाळ न काढण्याचं शहाणपणही आहे. तुम्ही एका जागी मेंढ्या ठेवणार असाल तर हे काम जमिनीला करावं लागेल. गोठा उंचवट्यावर घ्या, मुरूम टाकून उतार द्या. पाण्याच्या टाकीभोवती आणि फाटकात सगळ्यात जास्त चिखल होतो, कारण तिथून प्रत्येक मेंढी दिवसातून अनेकदा जाते. पावसाळ्याआधी तेवढ्या दोन जागा तरी दगड-मुरमानं पक्क्या करा, आणि विझवलेल्या चुन्याची भुकटी अधूनमधून टाका. वाघर रोज नव्या जागी लावता आली तर उत्तम.

प्रत्येक लंगडणं खूरकुज नसतं, हे ओळखणं नव्या माणसाला जड जातं. एकदम चार-दहा मेंढ्या लंगडायला लागल्या, खुराच्या वरच्या कडेला किंवा बेचक्यात फोड दिसले, तर लाळ्या-खुरकूत समजा. मेंढ्यांमध्ये तोंडातले फोड इतके सौम्य असतात की लंगडणंच आधी दिसतं, कोकरं मात्र पटापट दगावतात. अशा वेळी कळप हलवायचा नाही, बाजारात न्यायचा नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं. पावसाळ्याच्या शेवटी, चिलटं वाढतात तेव्हा, निळी जीभ हा रोग येतो. ताप, तोंडाला सूज, नाकातून पाणी आणि खुराच्या वर लाल पट्टा. दोन्हींवर लस आहे. धान्याच्या राशीत तोंड घातलेली मेंढी चारही पायांनी आखडून चालत असेल तर तो पोटात वाढलेल्या आम्लाचा पायांवर झालेला परिणाम असतो. आणि लहान कोकराचा सांधा सुजला तर बहुतेकदा संसर्ग नाळेतून आलेला असतो. जन्मताच नाळ आयोडीनमध्ये बुडवली की हे बरंचसं टळतं.

राज्य सरकारच्या महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर एकदम मिळतात, बाजारातूनही नवे लोक एकगठ्ठा घेतात. लोणंदला घ्या की आणखी कुठं, पैसे देण्याआधी प्रत्येकीचे चारही पाय उचलून बघा. विकणारा कंटाळला तरी बघा. घरी आणल्यावर आधीच्या मेंढ्यांपासून तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवा, आल्या दिवशी हौदातून काढा, आणि या काळात एखादी लंगडली तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजा.

वहीत प्रत्येक लंगड्या मेंढीचा कानातला बिल्ला क्रमांक, तारीख आणि पाय कोणता हे लिहीत जा. वर्षअखेर तेच ते क्रमांक वर येतात. उपचार करूनही त्याच हंगामात पुन्हा लंगडणारी मेंढी कळपात जंतू राखून ठेवते. ती कितीही दुधाळ असली तरी, औषधाचे दिवस उलटल्यावर विकून टाका, मात्र दुसऱ्या पाळणाऱ्याला नव्हे, खाटकाला. तिच्या कोकरांतून पैदाशीचा नर ठेवू नका. नर निवडताना पोपटासारखं नाक आणि उंची सगळेच बघतात. तुम्ही त्याला आधी कडक जमिनीवर चालवा, मग बसवून चारही बेचकी उघडा, आणि मग भावाचं बोला.