पॉडकास्टचं एडिटिंग: पंखा काढा, श्वास ठेवा

मावशीकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणल्या आणि त्याच रात्री मी तिचे सगळे श्वास कापून टाकले. सकाळी ऐकलं, तर आवाज तिचाच होता पण बोलणं तिचं राहिलं नव्हतं. आता मी आधी आवाज स्वच्छ करते, मग कापते, आणि कापते तेही बेतानेच.

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. मूळ फाइल जपून ठेवा, काम तिच्या कॉपीवर करा.

रेकॉर्डिंगच्या वेळीच, कुणी बोलायच्या आधी, १० सेकंद गप्प राहून खोलीचा आवाज टिपून घ्या. तो तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'मध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा, मग पूर्ण फाइल निवडून इफेक्ट लावा. पंख्याची एकसारखी घरघर जाते. मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी जात नाही. याच इफेक्टमध्ये घरघर किती दाबायची तो आकडा १२ डेसिबलच्या वर नेऊ नका, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मग ८० हर्ट्झवर 'हाय-पास फिल्टर' (त्याखालचे खोल, जाड आवाज कमी करणारा इफेक्ट) लावा: टेबलाचे धक्के आणि 'प', 'फ', 'भ' म्हणताना माइकवर आदळणारी हवा बरीच कमी होते.

आता हेडफोन लावून कापायला बसा. मावशी सारखं "म्हणजे" म्हणते. अडखळून आलेले मी काढले. पण तिच्या आईची ओवी आठवताना ती "म्हणजे..." म्हणून थांबली, तो शब्द आणि नंतरची शांतता तशीच ठेवली. ती आठवत होती, हे ऐकणाऱ्यालाही कळायला हवं. कापायचा तुकडा निवडल्यावर कीबोर्डवरचं 'झेड' दाबा; निवडीच्या कडा आवाजाची लहर शून्यावर असते तिथे सरकतात, म्हणजे जोडावर 'टक्' वाजत नाही. खोकला काढला तर तिथे कोरी शांतता भरू नका, कानाला खड्डा जाणवतो. साफ झालेल्या फाइलमधलाच खोलीचा आवाज तिथे चिकटवा.

कॉम्प्रेसर (मोठे आणि हळू आवाज यांतला फरक कमी करणारा इफेक्ट) हलकाच लावा, ३:१ हे प्रमाण पुरे. शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन', म्हणजे पूर्ण फाइलचा आवाज ठरावीक पातळीवर आणणं: स्टिरिओला (डावा-उजवा असे दोन ट्रॅक) उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), मोनोला (एकच ट्रॅक) उणे १९. नुसतं बोलणं असेल तर मोनो एमपी३, ९६ केबीपीएस ठीक.

अपलोड करण्याआधी ज्याचा आवाज आहे त्याला ऐकवा. मावशीने एका ओवीपाशी मला थांबवलं. मधली एक ओळ माझ्या हातून कापली गेली होती. मूळ फाइल होती म्हणून ती परत जागेवर बसवता आली.