डीजीवर (डिझेल जनरेटरवर) ट्रान्सफॉर्मर जोडताना ट्रिप होतो? ब्रेकर आधी ऑन करा

रामटेक, उमरेडकडच्या पाड्यांवर सोलरसोबत डीजी असलेली छोटी ग्रिड असेल तर ही अडचण हमखास येते, डीजी फुल स्पीडवर आणून ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर मारला की इंजिन दबतं, व्होल्टेज पडतं आणि सगळं ट्रिप. लोड शून्य असला तरी. ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट ४३३ व्होल्टवर साधारण ८४ अँपिअर, पण चालू होतानाचा झटका त्याच्या ८-१० पट जाऊ शकतो, तेवढ्याच साइजचा डीजी कुठून देणार! मग लोक मोठा डीजी घ्यायला निघतात, उगाच डिझेलचा खर्च वाढतो. त्याआधी हे करून बघा ना:

१. गावाकडचे सगळे फीडर (गावात वीज नेणाऱ्या लाइनी) ऑफ.
२. डीजी थांबलेला असतानाच त्याचा ब्रेकर ऑन करा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आधीच जोडलेला राहील.
३. आता स्टार्ट मारा. स्पीडबरोबर व्होल्टेज हळूहळू चढतं, ट्रान्सफॉर्मरला एकदम झटका बसतच नाही, फक्त बारीक गुणगुण ऐकू येते.
४. मीटरवर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ स्थिर झालं की एकेक फीडर घ्या, चक्की-पंपाचा सगळ्यात आधी, कारण मोठी मोटर रिकाम्या डीजीवरच नीट उचलते.

ब्रेकरला अंडरव्होल्टेज कॉइल (व्होल्टेज नसेल तर ब्रेकर लागूच न देणारी) असेल तर थांबलेल्या डीजीवर तो लागणार नाही, तिथे जबरदस्ती नको, पॅनलवाल्याकडूनच सोय करून घ्या.

आणि हे विसरूच नका, सरकारी लाइनचा चेंजओव्हर (सरकारी लाइन की डीजी हे बदलणारा स्विच) आधी हाताने तपासून कुलूप लावा. नाहीतर डीजीचा उलटा करंट ट्रान्सफॉर्मरमधून ११ केव्ही (११,००० व्होल्ट) होऊन लाइनवर जातो, वर खांबावर वायरमन असू शकतो.